शेपटी गोल की चौकोनी

नाही, तुम्हीच सांगा, सकाळी उठायचं, कोट चढवायचा, गुडघाभर बर्फ तुडवत शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं, त्याच्या हातातला फोटो बघायचा आणि "चूक! साफ चूक!" एवढं ओरडून परत यायचं… हे काय माझं वय आहे? पण जाते. रोज जाते! का, ते ऐका.

माझं घर मधोमध. डावीकडे नॉर्बर्ट कुझ्मा, जन्मभर मटणाचं दुकान चालवलेला. उजवीकडे आर्विड टोलेफसन, जन्मभर शाळेची बस चालवलेला. दोघांच्या बायका आधीच गेलेल्या. मग म्हाताऱ्यांनी करायचं काय? तर अंगणात पाखरांसाठी दाण्याच्या पेट्या टांगायच्या, चरबीचे गोळे लटकवायचे आणि खिडकीत कॅमेरा घेऊन बसायचं. आता दाण्यावर पाखरं आली की पाखरांवर शिकारी पक्षी येणारच, शिक्र्याच्या भाऊबंदांतला. आणि आमच्या विस्कॉन्सिनात ते दोन… कूपर आणि शार्पी. दिसायला जुळे! कूपर जरा मोठा, पण फोटोत तेही कळत नाही. फरक काय, तर कूपरची शेपटी टोकाला गोल, शार्पीची चौकोनी. झालं! नॉर्बर्टला प्रत्येक फोटोत कूपरच दिसणार, आर्विडला शार्पीच, आणि भांडण माझ्या अंगणावरून!

"डोलोरेस, सांग त्या खाटकाला, जन्मभर कोंबड्या सोलल्यास, तुला रे कसली शेपटी कळते?"

"डोलोरेस, सांग त्याला, शाळेची बस चालवून चालवून तुला सगळं जगच चौकोनी दिसतं!"

मी कपडे वाळत घालतेय आणि हे दोघं डोक्यावरून! अहो, शेपटी गोल असली काय नि चौकोनी असली काय, त्या पाखराला तरी पडलंय का?

मग यंदा हिवाळ्याच्या तोंडावर तो पक्षी माझ्याच कुंपणावर येऊन बसला. आर्विडनं फोटो काढला, धुरकट, हललेला, आणि नॉर्बर्टच्या हातात कोंबला. "चौकोनी!" नॉर्बर्ट म्हणाला, "तुझे डोळे गेलेत म्हाताऱ्या, कॅमेरा विकून टाक." आणि आर्विडचे डोळे खरंच चालले होते हो… ते लागलं त्याला. खिडकीचा पडदाच ओढून घेतला. बोलणं बंद! मला इतकं शांत अंगण सोसेना. मी नॉर्बर्टला म्हटलं, "जा की, दार ठोठाव." तर म्हणे, "आधी त्यानं गोल म्हणावं."

आणि मग आर्विड दवाखान्यात. मी नॉर्बर्टला अक्षरशः ढकलत नेला. यानं बरोबर काय न्यावं? घरी केलेलं सॉसेज आणि तोच फोटो! आर्विडनं नाकावरची प्राणवायूची नळी बाजूला केली, चष्मा मागितला, फोटो डोळ्यांशी नेला आणि एवढासा आवाज… "चौकोनी."

"गोल!"

"चौकोनी रे, खाटका."

नर्स धावत आली, काय झालं काय झालं म्हणत. काही नाही बाई, बरे झालेत दोघं!

त्याच आठवड्यात आर्विड गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम नॉर्बर्टनं स्वतः कापलं. आणि तुम्हाला सांगते, ज्या हाताचे काप कागदासारखे निघायचे, त्यानं त्या दिवशी जाडेभरडे, वेडेवाकडे तुकडे केले. खाल्ले सगळ्यांनी.

मग एका लख्ख सकाळी तो पक्षी आला. नॉर्बर्टच्याच पेटीवर, शेपटी पंख्यासारखी पसरून! फोटो असा स्वच्छ की आंधळ्यानंही ओळखावं. त्यानं तो गावाच्या पक्षीमंडळाला पाठवला. सगळ्यांचं एकच उत्तर, कूपर, अभिनंदन! जिंकला की हो!

दुसऱ्या दिवशी बघते तर दाण्याची पेटी रिकामी. तिसऱ्या दिवशीही. पाखरं येतायत, टोच मारून जातायत. मी शिरलेच घरात. नॉर्बर्ट कॅमेरा खोक्यात भरत बसला होता, चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत द्यायला.

"अरे, सगळे हो म्हणाले ना?"

"सगळे," तो म्हणाला. "एकसुद्धा 'नाही' म्हणाला नाही गं, डोलोरेस."

मला तर कावळा आणि कबूतर यांपलीकडे काही कळत नाही. टेबलावर तो फोटो पडलेला. मी उचलला, उलटासुलटा केला आणि म्हटलं, "चौकोनी आहे ही."

त्यानं मान वर केली. "काय?"

"चौकोनी! डोळे गेलेत का तुझे?"

"अगं बाई, तुला चिमणी कळत नाही आणि तू मला… थांब! बस तिथं! भिंग आणतो!"

संध्याकाळी पेटी भरलेली होती.

तेव्हापासून हे असं. कॅमेरा खोक्याबाहेर आणि मी बर्फात. बरं, रोज नुसतं चूक म्हणून भागेना, कारण विचारतो मेला! म्हणून आर्विडच्या मुलीकडून त्याचं पक्ष्यांचं पुस्तक मागून आणलं. त्यात तोच फोटो होता, माझ्या कुंपणावरचा, धुरकट. काल सगळं पुस्तक वाचून झाल्यावर भिंगाखाली धरला. पुन्हा धरला. खिडकीशी नेला.

आता हे सांगू कुणाला? ज्याला सांगायचं तो ऐकायला नाही, आणि जो आहे तो मरेपर्यंत गोलच म्हणणार. म्हणू दे बापडा. अहो, शेपटी गोल असली काय नि चौकोनी असली काय…

पण चौकोनीच आहे हो!