हात नाही, चाक हालत होतं

गेल्या आठवड्यात गुरुवारी सकाळी दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर एक नवी इलेक्ट्रिक गाडी चालकाने कडेला घेतली आणि पुढे नेण्यास नकार दिला. चाकांचे बोल्ट सैल असण्याची शक्यता असल्याने कंपनीने त्या मॉडेलच्या काही गाड्या त्याच सकाळी परत बोलावल्या होत्या. चालक बोरी अरबच्या वंदनाताई. त्यांनी सांगितले ते असे.

माहं सांगायचं तर ढाणकीपासून सांगावं लागन, काहून की हाकायचं मी तिथंच शिकली. माह्या बापाची बैलबंडी होती, बाजाराच्या दिवशी खेड्यातला माल भरून ढाणकीले न्यायचा, अन् परत येताना बाप रिकाम्या पोत्यांवर झोपून जाये आणि कासरा माह्या हातात. एवढुशी होती मी. रस्त्यानं लोकं म्हणत, अरे बाबा, पोरीच्या हाती बंडी दिली का, तर बाप डोळे न उघडता म्हणे, बैल काही विचारून नाही राह्यले, तुमी कायले विचारता.

मंग लग्न होऊन बोरीले आली. आमच्या घरच्यांची, म्हणजे नवऱ्याची, पिठाची गिरणी आहे, पण मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगले जाओ, किती वर्षं गेली असन. जायचं काळी-पिवळी जीपनं. काय सांगू तुमाले, एका सीटवर चौघी, पाचवी मांडीवर, अन् दरवाजाजवळची तर निम्मी बाहेर, तिची ओढणी आतल्या बाईनं धरून ठेवायची. तवाच मनात आलं की आपली गाडी पायजे, बायांची, सगळ्यांले बूड टेकायले जागा असलेली. यवतमाळले ड्रायव्हिंग शिकली, लायसन काढलं, बचत गटाच्या बायांनी बँकेत माह्यासाठी शब्द टाकला, अन् गाडी घेतली. इलेक्ट्रिकच घेतली, काहून की घरचे म्हणे गिरणीची लाइन आहेच, रातभर लावून ठेव.

गाडी आली तो दिवस मी अजून डोळ्यासमोर पाहून राह्यली. गल्लीतली लेकरं आरशात तोंड पाहून राह्यली, कोणी दरवाजा लावून पाहते, कोणी उघडून पाहते. समोरच्या कांताबाई लिंबू घेऊन आल्या, चाकाखाली ठेव म्हणे, वरून चिरडून ने. मी म्हटलं, बाई, आमच्यात नसते हे, बाबासाहेबांचा फोटो लावला समोर, झालं. त्या म्हणे, फोटो समोर आहे वंदना, चाकं खाली आहेत. असं बोलतात त्या, पण जीव लावतात, ते लिंबू मंग शरबतात गेलं.

आता या गाडीचं एक होतं, आवाजच नाही. म्हणजे तुमी विश्वास नाही ठेवणार, मारुतीच्या पाराजवळ गुलाबबुवा बसलेले राहतात, बकऱ्या बसलेल्या राहतात, गाडी एकदम अंगावर आल्यावरच कळे. हॉर्न दिला तर बुवा दचकून शिव्या देत, नाही दिला तरी देत. म्हणे भुतावानी येते तुही गाडी, काहीतरी वाजत येत जाय. मंग आमच्या घरच्यांनी काय केलं, पोळ्याची बैलाची घुंगरमाळ काढली अन् गाडीच्या मागच्या बाजूले खाली बांधून दिली. अशी छन-छन वाजत गाडी निघे ना, गुलाबबुवा दुरूनच काठी उचलून म्हणे, आली वंदनाची बंडी. बकऱ्याही उठत. सगळं गाव खूश. माह्या गाडीतल्या रोजच्या चौघी पण खूश, शेवंतामावशी, ज्योती, नसरीन अन् तांड्यावरची कमल, चौघीही लोहाऱ्यात कामाले; पॅकिंग सोडून मी आता त्यांलेच भाड्यानं नेत-आणत होती.

महिना-दीड महिना गाडी अशी चालली की विचारू नका. अन् मंग स्टेअरिंग हालायले लागलं. जरा जोरात घेतली की हातात थरथर, वळणावर गाडी आपल्या मनानं थोडी सरके. मी सर्व्हिसवाल्याले फोन केला, तो म्हणे मॅडम, नवीन गाडी आहे, हात बसू द्या. भासऱ्यांले सांगतलं, म्हणजे घरच्यांच्या मोठ्या भावाले, तर त्यांनी आपल्या ओळखीचा एक ट्रक ड्रायव्हर आणला. त्यानं गावातल्या गावात एक चक्कर मारली, छन-छन करत गेला अन् छन-छन करत आला, खाली उतरून म्हणे गाडी टकाटक आहे, बाईचा हात हालते. पारावर सगळे बसलेले होते. भासरे म्हणे, वंदना, ड्रायव्हर ठेव, तू मागं बस, मालकीणबाईसारखी.  ती गोष्ट गावात माह्या गाडीपेक्षा जोरात फिरली. दुसऱ्या दिवशी नसरीन म्हणे, वंदनाबाजी, बुरा मत मानना, घरून नको म्हणतात. कमल तर सरळ काळी-पिवळीच्या थांब्यावर जाऊन उभी राह्यली. दोघी उरल्या. त्या पण गेल्या असत्या तर गाडी गिरणीसमोर उभीच राह्यली असती, अन् मी परत पॅकिंगले. माहाच हात खराब आहे असं मलेही वाटायले लागलतं, भाऊ. रात्री थाळी धरली तरी मी हाताकडं पाहो, हालते का म्हणून.

तर गुरुवार. ज्योती पुढं, मावशी मागं, बोरी सोडून निम्म्या रस्त्यावर आलो असू, माह्या मोबाइलवर मेसेज वाजला. ज्योती बारावी झालेली, तिले म्हटलं पाह्य बरं काय आहे, चार्जिंगचं असन. तिनं वाचलं, परत वाचलं. मी म्हटलं काय आहे वं. ती म्हणे, ताई, गाडी थांबवा. अशा आवाजात म्हणे की मी हळूहळू ब्रेक लावत कडेले घेतली. मंग तिनं मराठीत सांगतलं, कंपनीनं लिहिलं की या गाडीचे चाकाचे बोल्ट ढिल्ले असू शकतात, चाक निघू शकते, तपासल्याशिवाय चालवू नका.

मावशी म्हणे, असू शकतात म्हणजे आहेत असं कुठं लिहिलं, हळूहळू ने, गेट बंद झालं तर अर्धी हजेरी जाईन. मी म्हटलं नाही. त्या म्हणे, वंदना, आधीच दोघी गेल्या, आता रस्त्यात उतरवशीन तर आमी पण उद्या येत नाही, सांगून ठेवते. ज्योती मेसेजच पाहून राह्यली. मी चाबी काढून कमरेले खोसली अन् म्हटलं, नका येऊ उद्या, पण आज या चाकावर मी तुमाले नेत नाही.

मंग मावशीच रस्त्याच्या मधात जाऊन उभ्या राह्यल्या, डबा वर करून. यष्टी आली, ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, म्हणे आजी, मरायचं आहे का. त्या म्हणे नाही बाबा, कामाले जायचं आहे. कंडक्टरनं माह्या गाडीकडं पाहून विचारलं, नवीकोरी गाडी सोडून यष्टीत कायले, तर मावशी म्हणे, तिची चाकं पाहुणी आहेत, कधी जातीन सांगता येत नाही. बस हसली सगळी. चढताना मावशीनं माह्याकडं पाहिलं नाही पण.

मी एकटी राह्यली. हेल्पलाइनले फोन लावला, ते म्हणे माणूस पाठवतो, टोचन लावून ओढू नका, तिथंच थांबा. थांबली. उन्हात उभी राहून त्या घुंगरमाळीकडं पाहून राह्यली अन् मले एकदम सुचलं. खाली वाकली, माळ सोडली, सीटवर ठेवली. मंग गाडीत बसली, काचा खाली केल्या, पंखा बंद, अन् त्या कडेच्या मातीतच चार हात पुढं घेतली, एकदम बैलाच्या पावलानं. टक. परत थोडी. टक. मागच्या डाव्या चाकातून. इतके दिवस तो आवाज होता, भाऊ, अन् आमी त्याच्यावर घुंगरं बांधून ठेवलती. तुमाले खरं सांगते, चाक ढिल्लं आहे म्हणून एखादी बाई रडली असती, मी हसून राह्यली. कापसाच्या वावरात एक बाई निंदून राह्यलती, ती उभी होऊन विचारे, काय झालं वं. मी म्हटलं, माहा हात चांगला आहे बाई.

कंपनीचा माणूस गाडी उचलायचा ट्रक घेऊन आला. त्यानं मागच्या चाकाले पाना लावायच्या आधी नुसतं बोट लावून पाहिलं, तर एक बोल्ट बोटानंच फिरला. दुसराही फिरला. तो पोरगा माह्याकडं पाहे अन् बोल्टकडं पाहे. म्हणे ताई, तुमी थांबल्या हे फार बरं केलं. मी म्हटलं हे असंच एका कागदावर लिहून देता का. तो म्हणे कंपनीच्या नियमात नाही. मी म्हटलं मंग फोनवर बोला, अन् तिथूनच भासऱ्यांले फोन लावून त्याच्या हातात दिला. त्यानं सांगतलं, फॅक्टरीतून कसायचेच राहिले होते, चालवणाऱ्याचा काही संबंध नाही. भासरे पलीकडून काय म्हणाले ते मी विचारलं नाही.

सर्व्हिस सेंटरवर तशाच आणखी गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांच्या पुढं लिंबू-मिरची लटकलेली. मी कांताबाईले फोटो पाठवला. त्यांनी उत्तर दिलं, मिरची जुनी असन. चारही चाकांचे बोल्ट नवे टाकले, प्रत्येक बोल्टवर पिवळी खूण केली, मले जवळ बोलावून दाखवलं, अन् शुक्रवारी दुपारी गाडी हातात दिली.

संध्याकाळी मी लोहाऱ्याच्या गेटवर जाऊन उभी राह्यली. कोणाले बोलावलं नाही. ज्योती सरळ येऊन बसली. शेवंतामावशी म्हणे, काल अर्धी हजेरी गेली माही, ते मी विसरत नाही, अन् पिशवी आत टाकली. नसरीन गाडीभोवती एक चक्कर मारून आली, चारही चाकं पाहिली, पिवळ्या खुणेवर नख घासून पाहिलं, मंग म्हणे, पुढं मी बसन. रस्त्यात स्टेअरिंग एकदाही हाललं नाही.

हा आठवडाभर तिघी येऊन राह्यल्या. भासऱ्यांनी ड्रायव्हरचा विषय परत काढला नाही. कमलनं काल थांब्यावरून हात करून विचारलं, जागा दिली का कोणाले. मी म्हटलं नाही. ती म्हणे सोमवारपासून येते. आज शनिवार आहे.