मधुभाऊंच्या दुकानातली शेवटची लेन्स

नमस्कार.

मी मधुभाऊंची मुलगी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला सीताबर्डीच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात, काउंटरच्या आत, स्टुलावर बसून अभ्यास करताना पाहिलेलं आहे. मला सभेत बोलायची सवय नाही. रडत बोलायची तर नाहीच. म्हणून काय घडलं ते आधी क्रमाने सांगते. तेवढं मला जमेल.

एक. बाबा सोमवारी दुपारी दुकानात, काउंटरमागे बसलेले असताना कोसळले.

दोन. शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी त्यांना रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात नेलं.

तीन. मी पुण्याहून पोचले तेव्हा ते गेलेले होते.

चार. त्याच आठवड्यात शुक्रवारी त्यांच्या नावाने दुकानात एक पार्सल आलं. त्यात एक लेन्स आहे.

पाच. ती लेन्स त्यांनी कोणासाठी मागवली, ते आम्हाला माहीत नाही.

सहा. येत्या सोमवारी दुकानाची किल्ली जागामालकांना परत द्यायची आहे. मी पुण्यात नोकरी करते, आईला दुकान चालवणं शक्य नाही. हा आमचा दोघींचा निर्णय आहे.

एवढ्या सहा गोष्टी नक्की आहेत. यापुढे मी जे बोलेन त्यात थोडा अंदाज असेल. जिथे अंदाज असेल तिथे तसं सांगेन.

माझ्या आधी जे बोलले त्यांचे आभार. दोघा-तिघांनी म्हटलं की मधुभाऊ म्हणजे एक संस्था होती. बाबांना हे आवडलं असतं. आणि लगेच त्यांनी विचारलं असतं, ‘संस्था आहे तं मंग ग्रँट कुठं आहे गा?’

हसा. हसलात तरी चालेल. दुकानात तुम्ही हसायचातच.

तुम्ही दुकानात यायचात, कॅमेरा हातात घ्यायचात, वजन बघायचात, बटणं दाबून बघायचात. बाबा एकेक लेन्स लावून दाखवायचे. चहा व्हायचा. मग तुमच्यातला कोणीतरी म्हणायचा, ‘घरी विचारून सांगतो, मधुभाऊ.’ तो पायरी उतरला की बाबा माझ्याकडे वळायचे. ‘घरी म्हणजे मोबाइलले विचारते हा. मेट्रोत बसेपर्यंत ऑर्डर टाकते, पाहून घे.’

आणि तोच माणूस दहा-बारा दिवसांनी, तोच कॅमेरा घेऊन, परत दुकानात यायचा. मधुभाऊ, फोकस बसत नाहीये. बाबा कॅमेऱ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ‘डब्यातून आला ना हा? मंग डब्यालेच विचार ना, काहून नाही बसून राहिला.’ एवढं बोलून झालं की हात पुढे करायचे. ‘आण इकडं.’

विलासकाका, तुम्ही मान हलवताय. ते तुम्हीच होतात.

विलासकाका निम्म्या नागपूरच्या लग्नांचे फोटो काढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी एकदा बाबांना तोंडावर विचारलं होतं, ‘भाऊ, तुझ्याकडून घेतला असता तं तू शिव्या दिल्या असत्या का?’ बाबा म्हणाले होते, ‘तेव्हा फुकट दिल्या असत्या. आता सर्व्हिसमध्ये धर.’

मी इथे ऑनलाइनवाल्यांना दोष द्यायला उभी नाही. मी स्वतः बहुतेक गोष्टी फोनवरूनच मागवते. सामान वेळेवर येतं, खराब निघालं तर परत घेतात. बाबांच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बॅगा मी मागच्या आठवड्यात काढल्या. त्यांच्या चेन गंजलेल्या होत्या. त्या बॅगा कोणी घेतल्या नाहीत, यात लोकांचं काही चुकलं नाही.

आता पार्सलचं सांगते.

शुक्रवारी मी दुकानातच होते, सामान बांधत होते. शटर अर्धं खाली होतं. कुरिअरवाला वाकून आत आला. ‘मधुकरजी का पार्सल है.’ मी म्हटलं, द्या. तो म्हणाला, ‘ओटीपी बताइए, मॅडम.’

बाबांचा फोन माझ्या खिशात होता. मी उघडला. मेसेज आलेला होता. नमस्कार मधुकर, तुमचं पार्सल आज तुमच्यापर्यंत पोचत आहे.

मी आकडे वाचून दाखवले. त्याने टाइप केले. डबा माझ्या हातात देताना त्याने विचारलं, ‘आप उनकी बेटी हो क्या?’ मी हो म्हटलं. ‘तो बोल देना उनको, मिल गया करके.’

मी म्हटलं, हाँ, बोल दूँगी.

तो गेला. त्याने त्याचं काम नीट केलं. डब्याला एक पोचासुद्धा नव्हता.

ती रात्र मी एकच प्रश्न घेऊन बसले. जो माणूस आयुष्यभर डब्यातून आलेल्या कॅमेऱ्यांना नावं ठेवत होता, त्याच्या नावाने डबा कसा आला? सकाळी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘नवीन नाही ते. दोन वर्षं झाले मागवून राहिले.’

गोष्ट अशी आहे. मोठे वितरक लहान दुकानाला एकेक नग देत नाहीत. पेटी घ्या म्हणतात. बाबांना पेटी परवडत नव्हती. पण गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं त्यांना जमत नव्हतं. मग ते ‘दोन-चार दिवसांनी ये’ म्हणायचे आणि घरच्या पत्त्यावर ऑनलाइन मागवायचे. आलं की बाहेरचं खोकं घरीच काढायचे, आतला सीलबंद डबा कापडी पिशवीत घालून दुकानात न्यायचे आणि ज्या भावात आला त्याच भावात द्यायचे. सील मात्र गिऱ्हाइकाने फोडायचं, काउंटरवर, सगळ्यांसमोर. तो त्यांचा नियम होता. तुमच्यापैकी कोणी गेल्या दोन वर्षांत दुकानातून असं काही घेतलं असेल, तर ते बहुधा डब्यातूनच आलेलं आहे.

हे इथे सांगावं की नाही, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, ‘सांगून टाक वं. लाज त्यायले वाटत होती. मले नाही वाटत.’

या वेळी आई उमरेडला माहेरी गेलेली होती, लग्नाला. घरी पार्सल घ्यायला कोणी नाही म्हणून बाबांनी दुकानाचा पत्ता टाकला असणार. हा अंदाज आहे. ऑर्डर सोमवारी सकाळची आहे. ही माहिती आहे.

आईला वाटतं की ती लेन्स माझ्यासाठी होती. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. आई, तू पहिल्या दिवसापासून हे म्हणते आहेस आणि मी काहीच बोलले नाही. ती माझ्यासाठी नाहीये. कुठल्या कॅमेऱ्याला बसते ते डब्यावर लिहिलेलं असतं. माझ्या कॅमेऱ्याला ती बसत नाही. बाबांना माझा कॅमेरा माहीत होता. त्यांनीच दिलेला आहे.

मी दोनदा वाचून पाहिलं, आई.

ती दुकानात ठेवण्यासाठीही मागवलेली नाही. हे मी खात्रीने सांगू शकते. त्यासाठी तुम्हाला एक शब्द सांगावा लागेल. काही जणांना तो माहीत आहे. पोत.

आजोबांचा हातमाग होता. बाबा लहानपणी मागाजवळ वाढले. पुढे ते कॅमेऱ्याच्या धंद्यात आले, पण फोटोलाही ते कापडाचाच शब्द लावायचे. फोटो पाहताना त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायचं. साडीचा पदर चिमटीत धरून बघतात, तसं. आणि मग निकाल यायचा. पोत आहे. किंवा, पोत नाही.

माझं काम लेन्सची चाचणी घेण्याचं आहे. रोज तेच करते. त्यामुळे या शब्दावरून आमची भांडणं ठरलेली. ही जी लेन्स आली आहे ना, अगदी हीच, या मॉडेलवरून आम्ही दोन दिवाळ्या भांडलो. प्लास्टिकची आहे, हलकी आहे, स्वस्त आहे आणि चांगली आहे. मी तिचे चाचणीचे कागद घेऊन आले होते. बाबा, हे पाहा, कडेपर्यंत शार्प आहे.

बाबांनी कागद बाजूला ठेवला. ‘शार्प तं सुरी बी असते वं. चेहरा काढायचा आहे का कांदा चिरायचा आहे?’

मग मी एक केलं. दोन लेन्सनी आईचे दोन फोटो काढले, सारखेच, एकाच खिडकीपाशी. कुठला कुठल्या लेन्सचा ते न सांगता बाबांपुढे ठेवले. पोत कशात आहे, सांगा. त्यांनी बराच वेळ पाहिलं. बोटं घासली. एक फोटो उचलला आणि म्हणाले, ‘हा. याले म्हणतात पोत.’

तो या प्लास्टिकच्या लेन्सचा होता.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, ‘फोटो चांगला आहे. लेन्स नाही.’

पुरावा समोर ठेवूनसुद्धा मी हरले. आईला हसू आवरेना. ती लेन्स त्यांनी दुकानात कधी ठेवली नाही. कोणी मागितली तर अर्धा तास बौद्धिक घ्यायचे आणि दुसरीच लेन्स गळ्यात मारायचे.

आणि त्याच लेन्सची ऑर्डर त्यांनी सोमवारी सकाळी स्वतःच्या हाताने दिली.

म्हणून मी तुमच्यासमोर उभी आहे.

कोणीतरी दुकानात आलं होतं. शनिवारी किंवा सोमवारी सकाळी, कारण रविवारी दुकान बंद असतं. फोनवरचे सगळे नंबर मी लावून पाहिले, त्यांतलं कोणी नाही. म्हणजे तो माणूस, किंवा ती बाई, प्रत्यक्ष आली होती. काउंटरपाशी उभी राहिली होती. तिने ही लेन्स मागितली आणि बाबा म्हणाले, दोन-चार दिवसांनी ये.

मला यात दोन शक्यता दिसतात.

पहिली अशी, की त्या माणसाने वाद घातला आणि तो जिंकला. मला दोन दिवाळ्या जे जमलं नाही ते त्याने करून दाखवलं. बाबा चिडले असतील, सुरी आणि कांदा म्हणाले असतील, चहा झाला असेल, आणि शेवटी, ‘घे बाप्पा, तुह्या मनासारखं’ म्हणून त्यांनी ऑर्डर टाकली असेल.

दुसरी शक्यता मला सांगायला जड जाते.

बाबा मला रोज संध्याकाळी फोन करायचे. जेवली का, हा पहिला प्रश्न. मग दिवसभराचा हिशेब, म्हणजे आज कोणाशी भांडले. कोण काय म्हणाला, मी त्याले काय म्हणालो. मी फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटायचे. गेल्या काही महिन्यांत ते फोन लहान होत गेले. कसं चाललंय बाबा? ‘बसून आहो.’ आज कोण आलं होतं? ‘कोणी नाही.’ किंवा, ‘आला होता एक. पाहून गेला.’ त्याला काय म्हणालात? ‘काय म्हणणार?’

शेवटच्या रविवारीही तेच बोलणं झालं. जेवली का? हो. तुम्ही? ‘हो. बसून आहो.’

तर दुसरी शक्यता अशी, की कोणीतरी ही लेन्स मागितली आणि बाबा काहीच बोलले नाहीत. पोत म्हणाले नाहीत. नुसतं, बरं, मागवतो, म्हणाले.

मला यातलं कुठलं खरं, ते माहीत नाही. डॉक्टरांनी हृदयाचं जे सांगितलं ते मला समजतं. त्याचे कागद माझ्याकडे आहेत. हे मला कोणत्याही कागदावरून कळणार नाही. ते फक्त एका माणसाला माहीत आहे. तो कदाचित इथे बसलेला असेल. कदाचित बाबा गेल्याचं त्याला माहीतही नसेल आणि तो बंद शटर बघून परत गेला असेल. तसं असेल तर तुम्ही त्याच्यापर्यंत हे पोचवा. तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता.

पैशांचं मनात आणू नका. ती लेन्स तुमची आहे. सील मी फोडलेलं नाही. काउंटर अजून दुकानातच आहे, तो रविवारी निघेल.

सभेच्या रिवाजाप्रमाणे आता आपण दोन मिनिटं उभं राहायचं आहे. राहू या. पण मी बसण्याआधी माझी विनंती सांगते, म्हणजे ती विसरली जाणार नाही.

मी शनिवारपर्यंत रोज दुकानात आहे. शटर अर्धं उघडं असेल, वाकून आत या. यायचं नसेल तर आईच्या फोनवर सांगा. ज्यांनी ही लेन्स मागितली त्यांनी मला एवढंच सांगावं, की बाबा तुमच्याशी भांडले का. भांडले असतील तर काय काय बोलले, ते सगळं सांगा. शिव्या दिल्या असतील तर त्याही. आणि भांडले नसतील, तर तसं सांगा. माझ्यासाठी गोड करून सांगू नका.

शनिवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.