जे आज येणार नाही, त्याचा फोन

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, ग्राहक चळवळीतल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या माननीय लताबाई पगारे, व्यासपीठावरील मान्यवर, हरसूलहून जीपने खास आलेल्या कुसाबाई महाले, आमच्या गोदामातील सर्व सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती छायाताई आहेर,

मी धनराज गायधनी. ऑनलाइन मागवलेला माल नाशिकच्या या गोदामातून ज्या गाड्यांनी घरोघर जातो, त्या गाड्यांचं कंत्राट माझ्याकडे आहे. भाषणाची सवय नाही, पण छायाताई निवृत्त होत असताना गप्प बसणंही जमणार नाही.

मंडळी, मोबाईलवर ‘आज मिळेल’ असं लिहून येतं, ते कोण लिहितं? आमच्यापैकी कोणी नाही. माल भिवंडीत पडलेला असतो, गाडी भरलेली नसते, तरी हरसूलच्या माणसाला ‘आज’ दिसतं. मग शिव्या कोणाला? गाडीवरून घरोघर माल देणाऱ्या आमच्या बुद्धभूषणला. त्याला एका आजोबांनी विचारलं होतं, “भाऊ, हे आज कोणत्या सालातलं?”

छायाताईंचं काम तक्रारींचे फोन घेण्याचं. त्यांनी काम उलटं केलं. सकाळी गाड्या भरून निघाल्या की गाडीत काय गेलं नाही ते बघायचं, आणि ज्यांचं राहिलं त्यांना स्वतःहून फोन करायचा. माल येणार असेल तर कोणीही आनंदाने फोन करतो. येणार नसेल तर? तो फोन ताई करायच्या.

असाच एक फोन कुसाबाईंना गेला. शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन, नाचाचे सगळे झगे कुसाबाईंकडे शिवायला, आणि शिलाई मशीनची मोटर जळालेली. पायाने मशीन मारून तेवढे झगे होणार नव्हते. नवी मोटर मागवली होती आणि त्या दाराशी बसून होत्या.

“काकू, तुमची मोटर नाशिकलाच आलेली नाही. थांबू नका.”

“मोबाईलात तं आज लिव्हलंय, बाई!”

“मोबाईल घरात बसून बोलतो, काकू. मी गोदामात उभी आहे. ऑर्डर रद्द करा, जीप धरून नाशिकला या आणि मेन रोडवरच्या दुकानातून मोटर घेऊन जा.”

कुसाबाई आल्या, मोटर नेली, आणि शनिवारी पोरी नव्या झग्यांत नाचल्या. इकडे ताईंना नोटीस आली. कंपनीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पाठवलं, हा गुन्हा! आता त्यांच्यासमोर नोटिशीची आठवण काढतोय म्हणून त्या डोळे मोठे करताहेत, पण बोलू द्या.

मुंबईच्या साहेबांनी गोदामात येऊन, तक्रार घ्यायला कुसाबाईंना फोन लावला. स्पीकर चालू होता, आम्ही सगळे ऐकत होतो.

“तक्रार हाय ना,” कुसाबाई म्हणाल्या, “पण ती तुमच्या मोबाईलाची. बाईची नाय. तिला काढाल तं आमच्या गावातून तुमची गाडी रिकामी फिरंल. आमी काई मागवायच्या आधी छायाताईलाच इचारतो, खरं कवा येईल म्हनून.”

साहेबांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. नोटीस मागे घेतली गेली.

मग कंपनीने ते ‘आज’ काढलं का? नाही. ते आजही तिथेच आहे. म्हणून गेला महिनाभर ताई एकच प्रश्न विचारत होत्या, “धनराजभाऊ, माझ्यामागे हे फोन कोण करणार?” नियमात हे काम नाही, पगारात नाही, वर कोणी शाबासकीही देत नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर आज सकाळी मिळालं. ताईंना आता फिरायचं आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून प्रवासाची बॅग मागवली होती. मोबाईल म्हणत होता, आज दुपारपर्यंत. आणि ताईंच्या खुर्चीवर परवापासून बसलेल्या दिशाचा मला फोन आला, “धनराजकाका, तुमची बॅग गाडीत नाही. आज वाट बघू नका, परवा येईल.” तिला ठाऊकही नव्हतं, बॅग कोणासाठी आहे ते.

ताई, रुमाल काढू नका, फोटो व्हायचेत अजून.

अध्यक्षांनी मला ठरल्यापेक्षा जास्त बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी आभारी आहे. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि ताई, नुसती शाल आणि नारळ देऊन सत्कार करतोय, तेवढं सांभाळून घ्या. बॅग बुद्धभूषण घरी आणून देईल. परवा. दिशाने सांगितलंय.