कोच आले, पोहे खाऊन गेले

यार, आमच्या निखिलला फुटबॉल टीममध्ये घ्यायचं म्हणून एका कॉलेजचे कोच इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आमच्या घरी आले होते. आमच्या हिने सवयीने कांदेपोहे केले आणि स्थळ आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"तुमच्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांत गेल्या वर्षी कितवे आलात?"

"नववे. पण दोन वर्षांत पहिल्या तिघांत असू."

"कशावरून?"

"निखिलसारखी पोरं निवडतोय, म्हणून."

निखिल हो म्हणणार, तेवढ्यात ही म्हणाली, "विचार करून कळवतो."

कोचचा चेहराच पडला. गाडीपाशी त्यांनी मला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

मी त्यांच्या हातातल्या डब्याकडे बोट दाखवलं. "पोहे बांधून दिलेत ना? नकार असता तर चहावरच कटवलं असतं. बिनधास्त जर्सी शिवायला टाका!"