शून्य खड्ड्यांची फाइल

हेडक्लार्क : पुन्हा तेच! "आढळलेले खड्डे : शून्य." मॅडम, तीन वर्षांचे तीन तपासणी अहवाल, आणि तिन्हींत भोपळा. अशी फाइल पुढे सरकणार नाही.

इंजिनिअर : बाई, रस्त्यावर खड्डा नाहीच, तर लिहू काय?

हेडक्लार्क : तेवीस वर्षं या टेबलाशी बसलेय मी. शून्य लिहिलं की इथे एकच अर्थ घेतात. इंजिनिअर रस्त्यावर फिरकलाच नाही, घरी बसून सही ठोकली.

इंजिनिअर : फोटो जोडलेत ना.

हेडक्लार्क : पाहिले. त्यात नुसता रस्ता दिसतो.

इंजिनिअर : तोच दाखवायचाय!

हेडक्लार्क : ओरडू नका, फाइल माझ्या हातात आहे. आणि हे बघा, "दुरुस्तीची तारीख" तुम्ही कोरी सोडलीत. कोरी म्हणजे दुरुस्ती बाकी. तुमचा रस्ता तीन वर्षं नादुरुस्त आहे, कागदावर.

इंजिनिअर : शाळेमागचा दोनशे मीटरचा तुकडा. टाकाऊ प्लॅस्टिक पिशव्यांचा चुरा घालून केलेलं डांबर. वरून रोज कचऱ्याचे ट्रक जातात, आणि एक भेग नाही. दुसरीकडे तुमचे ते मंजूर रस्ते, वर्षाच्या आत चाळण!

हेडक्लार्क : चाळण होते, पण फाइल कशी गुटगुटीत होते. खड्डे सापडले, बुजवले, तारीख, सही. वाचणाऱ्याला विश्वास वाटतो.

इंजिनिअर : पाच वाजता यादी बंद होणार आहे. माझं डांबर आज मंजूर पद्धतींत गेलं नाही, तर दवाखान्याचा रस्ता पुन्हा जुन्याच मालाचा होईल. पुढची यादी पाच वर्षांनी!

हेडक्लार्क : ठाऊक आहे. यादी मीच टाइप करते. बरं, या कामाचा दहा वर्षांचा अनुभव असलेला ठेकेदार कुठाय?

इंजिनिअर : मंजुरीच नाही तर अनुभव येणार कुठून?

हेडक्लार्क : ते मला विचारू नका. ती अट आता उन्हाळ्यात शिथिल झालीय, मी सहज छळलं. खड्ड्याची मात्र झालेली नाही. एक लिहून टाका ना, लहानसा.

इंजिनिअर : खोटं नाही लिहिणार मी.

(मुकादम आत येतो. हातात मोडका दांडा.)

मुकादम : खोटं कशाला लिहिताय ताई? पाडलाय खड्डा.

इंजिनिअर : कुठे?

मुकादम : शाळेमागं. आपल्या पिशव्यांच्या रस्त्याला.

इंजिनिअर : मामा! कोणी सांगितलं तुम्हाला?

मुकादम : सांगितलं असं नाही. दुपारी डबा खाताना बाई म्हणाल्या, एक खड्डा असता तर पोरीचं काम झालं असतं. म्हटलं, त्यात काय, जन्मभर खड्डेच बुजवलेत, एखादा पाडू की.

हेडक्लार्क : मी आपलं बोलले. हा माणूस कुदळ घेऊन जाईल हे काय माहीत!

इंजिनिअर : तीन वर्षं जपलाय हो मी तो रस्ता. पाऊस उघडला की आधी तिथे धावते. आणि तुम्ही खुशाल घाव घातलेत?

मुकादम : घातले, पण त्याला लागायला पाहिजेत ना! तास-दीड तास झोडपला. दांडा गेला, खांदा गेला, तेव्हा कुठं वाटीएवढा झाला. मग त्याच मालानं बुजवला. आता मलासुद्धा जागा सापडत नाही.

हेडक्लार्क : वाटीएवढा चालेल. फॉर्ममध्ये माप विचारलेलं नाही.

इंजिनिअर : मला चालणार नाही.

मुकादम : ताई, रागवा हवं तर. पण दवाखान्याचा रस्ता चार वेळा याच हातांनी केलाय मी, आणि चारही वेळा उखडला. बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो त्याच रस्त्यानं. रिक्षात बसली की माझा हात धरते. खड्डा आला की बोटं आवळते. मला लाज वाटते हो.

हेडक्लार्क : पाचला दहा कमी आहेत, मॅडम.

इंजिनिअर : द्या तो फॉर्म इकडे. आढळलेले खड्डे, एक. दुरुस्ती, आजचीच तारीख. आणि हे काय, "खड्ड्याचे कारण"?

हेडक्लार्क : "अतिवृष्टी" लिहा. सगळे तेच लिहितात.

इंजिनिअर : मी खरं तेच लिहिणार. "मुकादमाने कुदळीने दीड तास घाव घातल्यामुळे."

हेडक्लार्क : अहो, वेड लागलंय का?

मुकादम : ताई, माझी नोकरी...

इंजिनिअर : "माझ्या परवानगीने" असंही लिहिते, मामा. परवानगी आत्ता दिली. खाली माझी सही. बाई, कारणाचा रकाना वर कोणी वाचतं का?

हेडक्लार्क : तेवीस वर्षांत कोणी वाचलेला नाही. पण उद्या वाचलाच, तर?

इंजिनिअर : तर निदान एका माणसाला तरी कळेल, रस्ता कसा झालाय ते. मारा शिक्का.