गुडमारचा पाला

...मग मी गप बसू? तुमीच सांगा बायांनो, लेकीच्या सोयरिकीला केडगावला गेलेला बाप पाव्हन्यांच्या दारात मूठभर पाला चघळतो का? आमच्या ह्यांनी चघळला! शुगर हाय ओ त्यांना, डॉक्टरची गोळी चालू हाय, तरी त्यांचा दोस्त कानिफनाथ राजूरच्या बाजारातनं हा शुगर उतरवनारा गुडमार घिऊन आला. मी म्हनलं, गोळी घेतलीय, सकाळधरनं पोटात अन्न न्हाई, डॉक्टरला तरी इचारा. तर मला म्हनत्यात कसं, "झाडपाला हाय, त्यानं काय हुतंय?"

काय हुतंय? तुमाला सांगते, त्या पाल्यानं जिभंची गोडीच मरती, घडीभर काईच गोड लागत न्हाई! पर हे ठावं कुनाला? आमच्या धनश्रीच्या हुनाऱ्या सासूनं, पुष्पावतीबाईंनी, चहा दिला. ह्यांनी घोट घेतला आन् तोंड वाकडं. "साखरंला महाग झालात व्हय?" बाई बिचारी कावरीबावरी, तिनं पेढा पुढं केला. तर भर बैठकीत म्हनत्यात, "ह्यो पेढा हाय का शाडू?" नवरा मुलगा, सुप्याला कंपनीत हाय, गुनाचा... त्यो खाली बघतोय, त्याचा बाप लालबुंद, आन् मी कोपरानं ढोसतीया, तर माझ्यावरच डाफरले, खरं बोलायचं न्हाई का मानसानं!

पोराचा बाप उठला, म्हनला, "सूर्यभानराव, पोरगी तुमच्याकडंच ठिवा." हे बी तावातावानं उठाया गेले... आन् खालीच बसले. हात थरथर, सदरा घामानं चिंब. गोळी, वर पाला, वर उपास, साखर पार तळाला! पुष्पावतीबाई सगळा राग गिळून धावल्या, शुद्ध हुती तवर चमच्यानं साखर चारली. जरा तरतरी आली, तर काय म्हनावं ह्या मानसानं?

"विहीनबाई, वाळू कशाला चारता?"

सगळी बैठक हसली. त्याचा बाप बी हसला. 'विहीनबाई' म्हनले नव्हं, जमली सोयरीक! डॉक्टरनं मात्र झाप झाप झापलं, म्हनला, पाल्यात बी औषधच असतंय, गोळीवर गोळी घेतल्यागत झालं, मला इचारल्याबिगर पान तोडायचं न्हाई. झाडपाला हाय त्यानं काय हुतंय, असं त्याला म्हनून दाखवायचं की! तिथं मान खाली.

आन् आता? भाजीत कढीपत्ता दिसला की डॉक्टरला फोन, कोथिंबीर दिसली की फोन. डॉक्टरनं फोन उचलायचं सोडलं. आता ताटावर बसून मलाच इचारत्यात, "हे चालंल का गं?"

मी म्हनते, गिळा मुकाट.