दिवाबत्तीवाले ताऱ्यांच्या डोंगरावर

...आणि वर म्हणे, दिवा लावायचा नाही! अहो, म्हणजे काय? किर्र काळोख, पायाखाली दगडगोटे, तंबूंच्या दोऱ्या अशा आडव्या ताणलेल्या की चार पावलांत दोनदा लोटांगण, आणि तो तारे दाखवणारा दाढीवाला आपला आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळूच सांगतोय, "ताई, दिवा लावायचा नाही. इथं लोक आकाश बघायला येतात." मी म्हटलं, बघा की! तुम्ही वर बघा, मी खाली बघते, माझा पाय कुठे पडतोय तेवढं तरी मला कळू द्या! तर नाही. दिवा लावायचा नाही!

आणि हे सांगताय कुणाला? आमच्या ह्यांना! तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुठल्या बाईच्या नवऱ्याला सांगितलं असतं ना, तर मी एक अक्षर बोलले नसते. पण आमचे हे म्हणजे नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात चौतीस वर्षं! मदतनीस म्हणून लागले ते मुख्य वायरमन म्हणून निवृत्त झाले. संध्याकाळ झाली की लोकांचे नवरे घरी येतात, आमचा घराबाहेर पडायचा. कुठे फिरायला गेलो की ह्यांची मान वर. लग्नानंतर पहिले सहा महिने मला वाटायचं, काय बाई रसिक माणूस आहे, झाडं बघतोय, पाखरं बघतोय... कसलं काय, खांब बघतोय! "अगं, हा ब्रॅकेट कुणी बसवला? वाकडा आहे बघ." झालं. संपलं फिरणं.

तर हे निवृत्त झाले आणि लेकीच्या डोक्यात आलं. "बाबा, आयुष्यभर रात्री खांब बघितलेत, आता जरा तारे बघा!" डोंगरावर म्हणे असा तळ आहे, तारे बघायला लांबलांबून माणसं येतात, तंबूत राहायचं, दोन रात्री. जावयांनी झोपायच्या पिशव्या आणून दिल्या. आता त्या पिशवीत शिरायचं कसं हे या वयात कोण शिकवणार? मी आपली उशीच्या अभ्र्यात कापूस कोंबावा तशी स्वतःला कोंबली, चेन वरपर्यंत ओढली, आणि मग आठवलं की चष्मा बाहेर राहिला आणि हात आत!

बरं, वर पोचल्या पोचल्या एका टेबलापाशी सगळ्यांना बॅटऱ्या बाहेर काढायला लावल्या. खात्यातल्या लोकांनी ह्यांना निरोपाला ही एवढी लांब बॅटरी दिलेली, पाच सेलची. त्या टेबलावरच्या बाईंनी तिच्या तोंडाला लाल कागद लावला, वर रबर बांधलं, आणि म्हणाल्या, "काका, ही फक्त संडासला जाताना. आणि जमिनीकडे धरायची." ह्यांचा चेहरा असा झाला, जणू ह्यांच्याच तोंडाला कुणी फडकं बांधलंय. पण "बरं" म्हणाले. लेकीनं हौसेनं पाठवलंय ना.

अंधार पडला, सगळ्यांना सतरंज्यांवर उताणं झोपवलं, वीसएक माणसं, आणि दाढीवाला मध्ये उभा. हातात हिरव्या उजेडाची कांडी, ती थेट आकाशाला टेकलेली! मी म्हटलं, हा दिवा चालतो होय? पण खरं सांगू? सुरुवातीला छान चाललं होतं. हा ग्रह, तो तारा, याचा उजेड निघाला तेव्हा तुमचे पणजोबा रांगत होते... हेसुद्धा रंगले होते. माझा हात हातात घेतला होता ह्यांनी! किती वर्षांनी! अंधाराचा एवढा फायदा झाला म्हणा.

आणि तेवढ्यात तो म्हणतो, "आता सगळ्यांनी जरा उठून डावीकडे खाली बघा. तो पिवळट डाग दिसतोय? ते खालचं शहर. ती घाण आहे, घाण! उजेडाची घाण! चाळीस वर्षांपूर्वी त्या शहरातून आकाशगंगा दिसायची. कुणी पुसली ती? ज्यांनी गल्लोगल्ली खांब ठोकले, त्यांनी!"

वीस माणसं एका सुरात, "अरेरे!" माझ्या शेजारची बाई तर म्हणाली, "काय एकेक माणसं असतात बाई!" आणि ते एकेक माणूस तिच्यापासून दोन हातांवर बसलेलं!

ह्यांनी माझा हात सोडला. हळूच. "जरा येतो," म्हणाले आणि उठले. मला वाटलं, संडासला गेले असतील. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. एकीकडे तो कुठलासा तारकापुंज दाखवतोय, लोक आहा करतायत, आणि मी मागे वळून वळून काळोखात बघतेय. कडा आहे हो तिथे! आणि माणसाच्या चौतीस वर्षांना चारचौघांत घाण म्हटलंय! तशीच उठले, चाचपडत निघाले. बॅटरी ह्यांच्याकडे, आणि असती तरी काय, दिवा लावायचा नाही! एक दोरी ओलांडली, दुसरीत अडकले, आणि गेले ती थेट कुणाच्या तरी तंबूत!

आतून आवाज, "कोण आहे?"

"मी आमच्या ह्यांना शोधतेय!"

"ते इथं नाहीत!"

"ते कळलं मला! त्यांच्या पायाला एवढे केस नाहीत!"

शेवटी सापडले. तळाच्या टोकाला, कठड्याच्या अलीकडे, एका दगडावर. सगळं आकाश डोक्यावर, आणि हा माणूस त्याच्याकडे पाठ करून खाली शहराकडे बघत बसलेला. बॅटरी मांडीवर, बंद. मी शेजारी टेकले. रागवायचं ठरवून आले होते, पण तेच आधी बोलले.

"तो डाग म्हणाला ना, त्यात ती सरळ रेघ दिसते? तो इस्पितळाचा रस्ता. पंधरा खांब. ते लागले त्या रात्री पाळी संपवून निघालेल्या नर्सबाई शिडीखाली थांबल्या, बिस्किटांचा पुडा दिला मला. म्हणाल्या, आज पहिल्यांदा न पळता घरी जाणार. आणि तो डावीकडचा पुंजका, तो बाजार. पावसात तिथली लाइन गेली की रात्री दोनला उठून जायचो... आठवतं?"

न आठवायला काय झालं? कंदील घेऊन दार उघडायला मीच उठायचे.

"चौतीस वर्षं घाण केली म्हणायची," हे म्हणाले. "बरोबरच असेल त्याचं. शिकलेला माणूस आहे. आणि माझं काम तरी कुठे चोख होतं? तुझ्या माहेरच्या गल्लीतला दिवा आठव. तुमच्या दारासमोरचा. त्याचा दोष मला शेवटपर्यंत सापडला नाही. तेव्हाच समजायला हवं होतं, हे काम आपलं नव्हे."

आता मात्र माझी पंचाईत झाली.

तुम्हाला सांगते, कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. आमचे बाबा पुस्तकबांधणी करायचे. पुढच्या खोलीत खळीची पातेली, कागदांच्या थप्प्या, आणि मी खिडकीत बसून छापील पानांचे फर्मे शिवायची. दारासमोर खांब. एकदा दिवा गेला, बाबांनी अर्ज दिला, आणि दुसऱ्या दिवशी शिडी खांद्यावर घेऊन हे आले. किडकिडीत, कानावर पेन्सिल, शर्टाची दोन बटणं वेगळ्या रंगाची. वर चढले, बल्ब बदलला, खाली बघून म्हणाले, "आता शिवण नीट दिसेल." एवढंच! आणि गेले की हो! मी पेलाभर पाणी घेऊन दारात येईपर्यंत शिडी गल्लीच्या तोंडाशी!

आता वीस वर्षांच्या मुलीनं काय करावं? तो काळ काय आजच्यासारखा होता? फोन नाही, काही नाही. चांगल्या कंपनीचा बल्ब, वर्षभर हलायचा नाही. मग? धाकट्या भावाची गलोल होती. कागदाचा लगदा खळीत भिजवायचा, बोराएवढे गोळे वळायचे, माळ्यावर वाळवायचे आणि तिथूनच दिव्यावर नेम धरायचा. दगड नाही, दगडानं काच फुटते, लगेच कळतं. वाळलेला गोळा बसला की काच शाबूत आणि आतली तार तुटलेली! गोळा गटारात. बाबांचा अर्ज. दुसऱ्या दिवशी शिडी!

तर म्हटलं, आता सांगावं. एवढा खचलाय माणूस, तेवढंच बरं वाटेल. सांगितलं.

ह्यांनी मान खाली घातली, बोटांची पेरं चाचपत राहिले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. मी आपली पदर चाचपतेय.

"सतरा," हे म्हणाले.

"काय सतरा?"

"बल्ब! सतरा बल्ब! साहेबांनी मला मेमो दिला होता! बल्ब चोरून विकतोस म्हणून चौकशी बसली माझी! मी वायर बदलली, होल्डर बदलला, शेवटी अख्खा खांब उपटून चार फूट पलीकडे रोवला!"

"म्हणून तर मला माळ्यावरून गच्चीत जावं लागलं! तिथून नेम धरणं सोपं होतं का?"

"वर तोंड करून सांगतेस!"

"मग काय करणार? तुम्ही चहाला थांबत नव्हतात! अकराव्या बल्बाला थांबलात!"

एवढा आवाज झाला की दाढीवाला धावत आला. "काका, ताई, हळू... लोक आकाश बघतायत..." आणि हे ताडकन उठले. "या, या! ह्या बाईंना भेटा! तुमच्या कितीतरी आधी ही एकटी बाई उजेडाविरुद्ध लढत होती! पहिली कार्यकर्ती तुमची!"

त्याला कळेना. मग सगळं सांगावं लागलं. तो खाली मांडी घालूनच बसला. हसतोय, हसतोय... "ताई, नेम लागायचा?" मी म्हटलं, तीनात दोनदा. मग एकदम त्याच्या लक्षात आलं, आमचे हे कोण ते. ओशाळला बिचारा. "काका, मी मघाशी खांबांबद्दल बोललो ते..."

"चुकलं नाही तुमचं," हे म्हणाले. "दिव्यावर मोठ्या टोप्या हव्या होत्या. उजेड खाली पडायला हवा, वर कशाला? मी तीनदा लिहून दिलं होतं खात्याला. कुणी वाचलं नाही."

"म्हणजे तुम्ही आमच्याच बाजूचे!"

"मी कुणाच्याच बाजूचा नाही," हे म्हणाले. "अंधारात ज्याला घरी जायचंय ना, त्याच्या बाजूचा."

दाढीवाला उठला. वाकला आणि ह्यांच्या बॅटरीवरचा लाल कागद स्वतःच्या हातानं काढून दिला. काय सांगू तुम्हाला, मला तेव्हा असं भरून आलं... त्याच त्या खिडकीत बसलेय, फर्मे मांडीवर, आणि शिडीवरून कुणीतरी म्हणतंय, आता शिवण नीट दिसेल.

पण भरून यायला वेळ कुठे दिला ह्यांनी! दाढीवाला वळतोय न वळतोय तोच, "आणि तो नवा होल्डर? खास मागवलेला! चिनी मातीचा!" मी म्हटलं, तो मी नाही, तो तुम्ही उलटा बसवलात. "मी? उलटा?" झालं! अहो, चौतीस वर्षांचा हिशेब निघाला! लग्नात बाबा ह्यांना 'अर्जाचे जावई' का म्हणायचे इथपासून!

काल लेकीचा फोन. "आई, तारे कसे होते गं?" काय सांगू तिला? आकाशगंगा होती म्हणे बरोबर डोक्यावर. पाच तारे तुटले म्हणे, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या आम्ही ऐकल्या. दुसऱ्या रात्री ढग. आणि पहिल्या रात्री आमचं भांडण मिटलं, म्हटलं चला, आता बघू या वर... तर उजाडलं होतं!